चंदेरी गाडी विकली गेली नव्हती

ताई,

तेराव्याला तुझ्या कॉलेजातले लोक आले होते. पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांनी तुझ्या शिस्तीबद्दल सांगितलं. शेजारच्या काकूंनी, तू भर पावसात त्यांच्या सुनेला दवाखान्यात कशी पोचवलीस ते सांगितलं. मग एक गृहस्थ म्हणाले, "मॅडमना कसलाही शौक नव्हता. अगदी साधं आयुष्य."

तुझ्या भावजयीने, वैशालीने, माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. कारण बाहेर पोर्चमध्ये, तंबूवाल्याच्या गाद्यांच्या गठ्ठ्यामागे तुझी पांढरी गाडी उभी होती. मागची सीट काढून टाकलेली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलेला. आलेल्या लोकांनी तिच्या चाकांशी चपला काढून ठेवल्या होत्या.

म्हणे कसलाही शौक नव्हता.

बाकीचं सगळं लोक सांगून गेलेत, ते मी परत लिहीत नाही. गाडीचं कुणीच सांगितलं नाही, आणि त्यात माझा जो भाग आहे तो तर माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नाही, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

तू पहिल्यांदा विषय काढलास तो टावर चौकात. उन्हाळ्याची संध्याकाळ होती. वैशाली दुकानात ब्लाउजपीस बघत होती आणि आपण दोघं बाहेर कुल्फी खात उभे होतो.

"मिलू, मी गाडी घेतेय."

"आहे की तुझ्याकडे."

"ती कॉलेजात जायला. ही ट्रॅकवर चालवायला."

बाबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळे ट्रॅक म्हटल्यावर मला रूळच आठवले. मी वेड्यासारखा तुझ्याकडे बघत राहिलो. मग तू समजावून सांगितलंस की कोइमतूरजवळ गाड्यांचा ट्रॅक आहे, तिथे आधी नाव नोंदवलं की आपली गाडी घेऊन जाता येतं, शर्यत नसते, आपण आपलं फिरायचं. "समोरून कुणी येत नाही, गाय नाही, स्पीडब्रेकर नाही. फक्त वळणं."

"ताई, तू चौपन्न वर्षांची आहेस."

"हो ना. तीस वर्षं पोरांना फळ्यावर गाडीचं सस्पेन्शन काढून दाखवतेय. वळणावर वजन इकडून तिकडे जातं, बाहेरच्या चाकावर येतं, सगळं बाण काढून. एकदा तरी बघायला नको का, मी शिकवते ते खरं आहे का?"

 कुल्फी मनगटावर ओघळली ती पुसत बसलो.

मग आपले रविवार सुरू झाले. तुला नवी गाडी नको होती. "नवीला ड्रिल लावताना हात थरथरेल." तुला हवी होती जुनी, स्पोर्ट्स गाडी, पण पुढे हवे ते बदल करायला पाया म्हणून. हा तुझा शब्द. मी मोबाइलवर फोटो दाखवायचो, ही बघ किती ताकदीची, ही बघ कशी दिसते, आणि तू चष्मा वर करून म्हणायचीस, "ताकद नंतर घालता येते. सांगाडा वाकडा असला तर जन्मभर वाकडा." वजन कमी हवं. आधीच्या मालकाने कमीत कमी हात लावलेला हवा. पार्ट मिळायला हवेत. आणि पहिला खर्च इंजिनावर करायचा नाही. आधी ब्रेक, टायर आणि धरून ठेवणारी सीट. "थांबता आलं पाहिजे, मग पळण्याचं बघू." मी बँकेतला माणूस. मला हे पटायला हवं होतं. पण मला लाल गाडी आवडली होती.

भोपाळची ती लाल गाडी आठवते? दोन दारांची, मागे एवढा मोठा पंख लावलेला. सुरू केली की छातीत धडधडायचं. मी तर मनातल्या मनात त्यात बसून उज्जैनला परत आलो होतो. तू मात्र गाडीभोवती फिरलीस, खाली वाकलीस, टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलंस. पर्समधून रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक काढलास आणि मागच्या मडगार्डला लावलास. तो चिकटला नाही, घसरून खाली पडला. पत्र्यावर इतकी पुट्टी होती. मग डिकीतला गालिचा उचललास. आत वेल्डिंगचे टाके, घाईघाईत घातलेल्या शिवणीसारखे.

विकणारा तरुण बिल्डर म्हणाला, "मॅडम, एक्सीडेंट का सवाल ही नहीं। टिप-टॉप गाड़ी है।"

तू रुमालाची घडी घातलीस आणि शांतपणे म्हणालीस, "बेटा, मैं मास्टरनी हूँ। होमवर्क घर पर भूल आए, ये मैं रोज़ सुनती हूँ।"

परतीच्या वाटेवर मी रुसलो होतो आणि तू सेहोरपर्यंत हसत होतीस.

त्यानंतर तीन-चार गाड्या झाल्या. एकीचं इंजिन आपण पोचायच्या आत मालकाने तापवून ठेवलं होतं. तू बॉनेटवर हात ठेवलास आणि चहा घेऊन परत निघालीस. "थंड असताना कशी सुरू होते तेच तर बघायचं होतं." एकीत आधीच्याने एवढे प्रयोग केले होते की तुला तिची दया आली.

आणि मग इंदूरची चंदेरी गाडी.

ती एका निवृत्त वकीलसाहेबांची होती. दोनच माणसांची, बुटकी, इंजिन पाठीमागे. नवी घेतल्यापासून एकाच हातातली. त्यांनी प्रत्येक सर्व्हिसचा कागद फाइलला लावून ठेवला होता. तुझा लोहचुंबक जिथे लावला तिथे टक्कन चिकटला. गाडी थंड होती. पहिल्या चावीला सुरू झाली आणि जराही खोकली नाही. तू आत बसलीस, स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवलेस आणि काहीच बोलली नाहीस. इतका वेळ, की वकीलसाहेबांनी मला हळूच विचारलं, "सब ठीक है ना?"

मी तुला असं गप्प बसलेलं आई गेली तेव्हा पाहिलं होतं. पण ते गप्प बसणं वेगळं होतं. हे सुखाचं होतं.

तू त्यांना म्हणालीस, एकदा लिफ्टवर चढवून खालून बघते, मग सांगते. येण्याजाण्याचं सगळं मी ठरवत होतो म्हणून त्यांच्याकडे माझाच नंबर होता.

पाच दिवसांनी तू कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडलीस. हृदयाचे ठोके चुकत होते. रिपोर्ट यायचे होते. नानाखेड्याच्या आपल्या घरात तू पलंगावर बसून माझ्या लेकीची वही तपासत होतीस, जणू काही झालंच नाही, आणि मी बाहेर पोर्चमध्ये येरझाऱ्या घालत होतो. तेव्हाच वकीलसाहेबांचा फोन आला. दुसरा एक जण विचारतोय, पण मॅडमची नजर मला आवडली, गाडी त्यांनाच द्यायची आहे, काय करू?

मी म्हटलं, "हमें नहीं चाहिए, साहब।"

आत आलो आणि तुला सांगितलं, "ताई, ती चंदेरी गाडी विकली गेली."

तू वहीवरून मान वर केलीस. "बरं," म्हणालीस. फक्त एवढंच. मग लेकीच्या वहीत एका गणिताला बरोबरची खूण केलीस. संध्याकाळी वैशालीने मला दाखवलं, ते गणित चुकलेलं होतं. तुझ्या हातून तसं कधी झालं नव्हतं.

चार दिवसांनी रिपोर्ट आले. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी परत तपासलं आणि म्हणाले, गाडी चालवा, नोकरी करा, काही हरकत नाही. ज्या भीतीपोटी मी खोटं बोललो ती भीती संपली, आणि खोटं तसंच राहिलं. तू रविवारी कपडे इस्त्री करायला लागलीस. मी गाड्यांचे फोटो दाखवले की "बघू नंतर" म्हणायचीस. मला वाटलं होतं तू विसरशील. तू विसरली नाहीस, फक्त मागणं सोडून दिलंस, आणि ते बघणं मला जड जायला लागलं.

आईच्या वर्षश्राद्धाला आपण राम घाटावर गेलो. विधी उरकला, गुरुजी भांडी आवरायला लागले. मी ओल्या सोवळ्यात पायरीवर बसलो होतो. तू शेजारी बसून पाण्यात पाय सोडलेस. तिथे मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं.

तू पाण्यातून पाय वर घेतलेस.

"म्हणजे गाडी आहे अजून त्यांच्याकडे?"

"माहीत नाही. मी परत विचारलंच नाही."

"मिलिंद," तू म्हणालीस. मिलू नाही, मिलिंद. "तू मला नको घेऊ म्हणाला असतास तर मी भांडले असते. आरडाओरडा केला असता. हरलेही असते कदाचित. तू मला भांडूच दिलं नाहीस. आजारी माणसाच्या वाटचं तूच ठरवून टाकलंस."

आणि उठून, चपला हातात घेऊन पायऱ्या चढून गेलीस. रिक्षाने एकटी घरी गेलीस. अकरा दिवस माझ्याशी बोलली नाहीस. वैशालीतर्फे निरोप यायचे. "त्याला सांग, गॅस संपलाय." एकाच घरात, एकाच टेबलावर.

बाराव्या दिवशी सकाळी तू माझ्या खोलीच्या दारात उभी. "उद्या सुटी टाक. रतलामला जायचंय."

रतलामच्या एका शिक्षकांकडे ती पांढरी गाडी होती. तीन दारांची, छोटी. स्पोर्ट्स गाडी आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला कळू नये अशी. चंदेरीच्या निम्मी ताकद, जोर पुढच्या चाकांना. एका दारावर लांब ओरखडा. तू गालिचे उचललेस, चुंबक फिरवलास, गाडीखाली सतरंजी टाकून पंजाबी ड्रेससकट आत शिरलीस आणि बाहेर येऊन म्हणालीस, "सरळ आहे." तासाभरात सौदा पक्का झाला.

मी खूष व्हायला हवं होतं. पण सबंध वाटेत माझ्या मनात एकच होतं, की ही दुसऱ्या नंबरची गाडी आहे आणि पहिल्या नंबरची मी तुझ्या हातून काढून घेतली.

पुढचं वर्ष तू आगर रोडच्या सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये काढलंस. वीस वर्षं तू तुझे विद्यार्थी त्यांच्याकडे प्रॅक्टिकलला पाठवत होतीस, आता स्वतः जायला लागलीस. आधी ब्रेक. मग टायर. मग सीट आणि गाडी उलटली तर वाचवणारा तो पिंजरा. सस्पेन्शनवर तुमची दोघांची जी भांडणं झाली ती ऐकायला समोरचा पानवाला दुकान सोडून यायचा. इंजिनाला तू हातसुद्धा लावू दिला नाहीस. सलीमभाई कळवळून म्हणायचे, "मैडम, थोड़ा सा तो करने दो," आणि तू म्हणायचीस, "पहले मैं सीख लूँ, फिर गाड़ी सीखेगी."

मग कोइमतूर. गाडी ट्रकवर पाठवली आणि आपण ट्रेनने गेलो. सकाळी साडेसहाला तू हेल्मेट घालून रांगेत उभी होतीस. आसपास सगळी पंचविशी-तिशीतली मंडळी, आणि मध्ये तू, चष्मा हेल्मेटमधून आत सरकवण्याची खटपट करत. पहिल्या फेरीत सगळे तुला मागे टाकून गेले. दुसऱ्या फेरीतही. मी कठड्याला धरून उभा होतो, माझ्याच हृदयाचे ठोके चुकत होते.

पण चौथ्या-पाचव्या फेरीनंतर मला काहीतरी दिसायला लागलं. बाकीच्या गाड्या वळणावर किंचाळायच्या, शेपटी हलवायच्या. तुझी गाडी वळणाच्या आधी नाक जरासं खाली करायची, आत शिरायची आणि बाहेर पडायची, दरवेळी त्याच रेषेवरून. तिथले एक शिकवणारे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, ही पांढरी गाडी कोण चालवतंय? मी म्हटलं, माझी बहीण. मी आयुष्यात तुझी ओळख खूपदा करून दिली असेल. तेवढ्या ताठ मानेने कधी दिली नव्हती.

तेवढ्यात एक चंदेरी गाडी तुला ओलांडून गेली. तशीच, बुटकी, दोन माणसांची. मी तोंड फिरवलं.

तू परत आलीस, हेल्मेट काढलंस. केस कपाळाला चिकटलेले, गालावर पट्ट्याचा वळ. म्हणालीस, "मिलू, खरं आहे रे. सगळं वजन बाहेरच्या चाकावर येतं. पाठीला कळतं." आणि मग, "चहा मिळतो का इथे कुठे?"

परतीच्या ट्रेनमध्ये मी विचारणार होतो. दोनदा तोंड उघडलं. ताई, ती चंदेरी असती तर? पण तू खिडकीशी बसून शेंगा सोलत होतीस, इतकी निवांत, की मला तो निवांतपणा मोडायचा धीर झाला नाही. म्हटलं, विचारू कधीतरी. आपण काय, रोज एका टेबलावर जेवतो.

मग गेल्या महिन्यातली ती दुपार. कॉलेजातून फोन आला. तू स्टाफरूममध्ये खुर्चीत बसल्याबसल्या गेलीस, समोर पेपरांचा गठ्ठा. नातेवाइकांत कुणीतरी कुजबुजलंच, "त्या गाडीचं खूळ भोवलं." मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, गाडीचा काही संबंध नाही, ते कधीही, कुठेही झालं असतं. मी ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. तुझ्यासाठी मी निदान एवढं तरी भांडलो.

परवा सलीमभाई आले. तेराव्याला ते मागे उभे राहून निघून गेले होते, नीट बोलणं झालं नव्हतं. वैशालीने चहा दिला. आम्ही पोर्चमध्ये तुझ्या गाडीशेजारी खुर्च्या टाकून बसलो. त्यांनी तिच्या टपावरून हात फिरवला, आणि मला एकदम सहन होईना. मी त्यांना सांगून टाकलं. चंदेरी गाडीचं, फोनचं, खोटं बोलल्याचं. म्हटलं, ताईला हवी होती ती गाडी मी मिळू दिली नाही, आणि ती काही न बोलता ह्या गाडीवर समाधान मानून गेली.

सलीमभाई कप तोंडाशी नेता नेता थांबले.

"वो वकील साहब वाली? भिया, वो तो हमने देखी थी."

"कधी?"

"आपने घाट पे बताया था ना उनको? उसके तीन-चार दिन बाद। मैडम मुझे लेके इंदौर गईं। गाड़ी वहीं थी, बिकी नहीं थी। लिफ्ट पे चढ़वाई। घंटा भर नीचे खड़ी रहीं टॉर्च लेके। एक दाग नहीं था, भिया। वकील साहब बोले, ले जाओ। मैडम ने मना कर दिया।"

"का?"

"बोलीं, सलीमभाई, ये तो किसी ने बच्चे जैसी पाली है। इसको काटने की मेरी हिम्मत नहीं होगी। पहले ही दिन कहीं घिस गई तो रो दूँगी। मुझे ऐसी चाहिए जिससे मैं डरूँ नहीं। और ब्रेक का सामान भी बाहर से आता, महीनों बैठे रहते।" त्यांनी चहाचा घोट घेतला. "रतलाम वाली का फोटो तो उनके मोबाइल में पहले से था। रास्ते में मुझे दिखाया। बोलीं, ये मेरी है."

 मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

सलीमभाई जरा ओशाळले. "वो तो मैंने भी पूछा था। बोलीं, मिलू को मत बताना। महीना भर पछताने दो उसको।"

ताई, मी हसायला लागलो. मोठ्याने, खुर्चीत पुढे वाकून. तू गेल्यापासून ह्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. वैशाली आतून धावत आली, तिला वाटलं मला रडू आवरत नाहीये. मग थोड्या वेळाने तेही झालं. सलीमभाई बिचारे सारखे म्हणत होते, "मुझे लगा बता दिया होगा, भिया, कसम से."

महिनाभर म्हणाली होतीस. दीड वर्ष झालं. तू विसरलीस की तुला मजा वाटायला लागली होती, हे आता मला कोण सांगणार? कोइमतूरला कठड्याशी मी तोंड फिरवून उभा होतो, ट्रेनमध्ये दोनदा तोंड उघडून मिटलं, आणि तू आपली शेंगा सोलत होतीस! हे काही बरोबर केलं नाहीस. आणि तरी, परवापासून मला झोप लागतेय. तू कशावरही समाधान मानलं नव्हतंस. तू दोन्ही गाड्यांखाली शिरून, टॉर्च मारून, नीट बघून निवडलं होतंस. मी तुझ्या वाटेत आलो होतो आणि तू मला वळसा घालून पुढे गेली होतीस. मी मात्र मागेच उभा राहिलो, स्वतःला फार मोठा गुन्हेगार समजत.

गाडी विकणार नाही. दोघातिघांनी विचारलं, मी नाही म्हटलं. सलीमभाई म्हणाले, उभी राहिली की ब्रेक जाम होतील, आठवड्यातून एकदा तरी फिरवा. मी म्हटलं, मला ही झेपेल का? त्यांनी दार उघडलं, आत वाकून बघितलं.

"पहले सीट आगे करनी पड़ेगी, भिया। मैडम आपसे लंबी थीं।"

ती सीट तू बोल्ट मारून पक्की केलेली. ते पाना आणायला निघाले तेव्हा मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आज नको, शनिवारी या. तोवर ती तुझ्या मापाचीच राहू दे.